दिवाळीनंतरची हजेरी

पेण किंवा रोहा तालुक्यातल्या एखाद्या आदिवासी वाडीवरच्या शाळेत जावं आणि गुरुजींकडे वर्षभराचा हजेरीपट मागावा. जून अर्धा सरला की शाळा भरते. पाऊस लागलेला असतो, वाडीवरची माणसं घरी असतात, भाताची लावणी आसपासच्याच शेतांवर चालू असते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरची पानं भरलेली दिसतात. एखादं पोर तापानं पडलेलं, एखादं आईबरोबर चिंबोऱ्या धरायला गेलेलं, एवढीच काय ती खाडाखोड. गणपती होतात, नवरात्र होतं, सहामाही होते आणि दिवाळीची सुट्टी लागते. सुट्टीनंतरचं पान उलटलं की सलग सात-आठ नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात, त्या थेट एप्रिलपर्यंत.

पुढच्या जूनला हीच मुलं परत येतात. अंगानं वाढलेली, केस उन्हानं भुरे झालेले, आणि मागल्या वर्षी ओळखीची झालेली जोडाक्षरं पुन्हा अनोळखी. वर्ग मात्र एकानं पुढे गेलेला असतो.

हा हिशेब एकदा मांडून पाहू. शाळेचं वर्ष साधारण १० महिन्यांचं. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्यातले ४ येतात. पहिली ते चौथी या चार वर्षांत गावातल्या मुलाची ४० महिने शाळा होते, वाडीवरच्या मुलाची १६. चौथीच्या वर्गात दोघं मांडीला मांडी लावून बसतात तेव्हा एकाची चार वर्षांची शाळा झालेली असते आणि दुसऱ्याची धड दोन वर्षांचीही नसते. मग चाचणी होते, गुण लागतात आणि कुणीतरी म्हणतं, या मुलांना अभ्यासाची गोडीच नाही.

मुलामुलांमधल्या शैक्षणिक दरीबद्दल बोलताना आपण बुद्धी, आवड, संस्कार असे मोठे शब्द वापरतो. या दोन तालुक्यांतली दरी मला आधी दिनदर्शिकेत दिसते. शाळेचं वर्ष आणि पोटाचं वर्ष यांची सांगड बसत नाही. ती बसवायची कशी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

दिवाळीनंतर वाडीवरून उठणारी बहुतेक घरं कातकऱ्यांची. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलं सरकारच्या ताब्यात गेली तसा कात सुटला. मग लाकूडफाटा, कोळसा, मासेमारी, दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी. या समाजाच्या नावावर जमीन जवळजवळ नव्हतीच. पुष्कळ ठिकाणी ज्या जागेवर झोपडी उभी आहे ती जागाही दुसऱ्याची. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेल्या आहेत. रायगड जिल्ह्यात कातकऱ्यांची मोठी वस्ती आहे आणि आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय पेणमध्येच आहे.

पावसाळ्यात काम नसतं, घरात दाणा नसतो. त्या दिवसांत भट्टीचा शेठ किंवा त्याचा मुकादम वाडीवर येतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो. गणपतीत थोडे, दसऱ्याला थोडे, कुणाचं लग्न निघालं तर एकदम जास्त. हे पैसे अंगावर घेतले की दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून भट्टीवर जावंच लागतं. तिथे दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते. हंगाम संपला की थापलेल्या विटांचा हजारावर हिशेब होतो, त्यातून उचल आणि खर्ची वजा होते. पुष्कळदा काहीतरी अंगावर शिल्लक राहतंच आणि पुढच्या वर्षीची भट्टी तिथेच ठरून जाते. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं कर्जापोटी माणसाला असं बांधून ठेवणं गुन्हा ठरवलं. तरी उचलीची पद्धत चालूच राहिली, कारण श्रावणात घरात तांदूळ आणण्याची दुसरी सोय कुणी केली नाही.

म्हणून शाळेची गळती कळायची असेल तर श्रावणातल्या चुलीपासून सुरुवात करावी लागते. वाडीवर वेळेवर रेशन आलं, रोजगार हमीचं काम निघालं, मजुरी वेळेत हातात पडली, बचत गटाकडून सणापुरते पैसे मिळाले, तर उचल कमी घ्यावी लागते. उचल कमी तर ती लवकर फिटते. मूल मार्चमध्ये परत येणं आणि जूनमध्ये येणं, वाचायला शिकण्याच्या वयात हा फरक लहान नाही.

भट्टीवर मुलांचा दिवस कसा जातो ते जवळून पाहिलं पाहिजे. उजाडायच्या आधी आई-बाप मातीच्या गाऱ्यात उतरलेले असतात. साच्यातून काढलेली ओली वीट सपाट केलेल्या जमिनीवर एकाला लागून एक, ओळीनं मांडली जाते. ऊन वर आलं, वीट जराशी वाळली की ती उभी करायची, म्हणजे दुसऱ्या अंगाला वारा लागतो. हे काम मुलांचं. सहा-सात वर्षांचं पोर दोन्ही तळहातांत वीट धरून, कोपरा न मोडता अलगद उभी करतं. घाई केली तर वीट तडकते आणि तडकलेली वीट हिशेबात धरत नाहीत. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन हेच करते. तिचा एक हात कायम अडकलेला. संध्याकाळी बाप विचारतो, किती झाल्या? पोरगं ओळी मोजतं, एका ओळीतल्या विटा मोजतं, तुटलेल्या वगळतं आणि आकडा सांगतं.

हा गुणाकार आहे, वजाबाकी आहे. शाळेत फळ्यावर हेच गणित उभ्या मांडणीत आलं की तेच पोर गप्प होतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांना आधी त्यांच्या गाड्यावर गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारला आणि नंतर तीच गणितं कागदावर दिली. गाड्यावर शंभरात ९८ उत्तरं बरोबर आली. कागदावर नुसत्या आकड्यांची ३७. मुलं तीच होती. विटांच्या ओळींपासून सुरू करून वहीतल्या उभ्या मांडणीपर्यंत जाणारी वाट कुणी दाखवत नाही, आणि मधल्या मधे ‘गणितात कच्चा’ असा शेरा तेवढा मिळतो.

आता पेणच्याच दुसऱ्या टोकाला जाऊ. हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत घरोघर गणपतीचे कारखाने आहेत. आषाढ-श्रावणात तिथेही मुलं हात लावतात, रात्री उशिरापर्यंत जागतात आणि सकाळी वर्गात पेंगतात. मात्र संध्याकाळी काम करणारं मूल सकाळी शाळेत असतं, कारण काम आणि शाळा एकाच गावात आहेत. कष्टाच्या घरातलं मूल शिकत नाही असं नाही. शाळेपासून सलग सहा महिने तुटलेलं मूल मागे पडतं, आणि या दोन गोष्टी आपण फार सहज एक करून टाकतो.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट दूरच्या शहरातली. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९८२ साली पहिलीत आलेल्या मुलांचा कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल यांनी पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला. शाळा चालू असताना गरीब घरातली आणि सुस्थितीतली मुलं साधारण सारख्या वेगानं पुढे जात होती. उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत मात्र दोघांत फरक पडत होता, आणि तो वर्षागणिक साचत होता. मोजमापाच्या पद्धतीवरून पुढे अभ्यासकांत वाद झाले. तरी शाळा बंद असताना कुणाच्या घरात काय चालतं, हा त्या अभ्यासाचा प्रश्न आमच्या वाड्यांना जास्तच लागू आहे. तिथे सुट्टी दोन-तीन महिन्यांची होती, इथे सहा महिन्यांची.

घर काय देतं याची दोन उदाहरणं याच मातीतली. ११ सप्टेंबर १८९५ला पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा भावे जन्मले. १४ जानेवारी १८९६ला महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले आणि त्यांचं बालपण रोह्यात गेलं. दोघांच्या जन्मात चार महिन्यांचं अंतर. देशमुख १९१२च्या मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विनोबांनी डझनभर भाषा आत्मसात केल्या. दोघांची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. पण देशमुखांचे वडील वकील होते आणि विनोबांच्या घरात आईच्या तोंडून रोज अभंग कानावर पडत होते. अक्षरं त्या घरांत पाहुणी नव्हती. त्याच वर्षी गागोद्याच्या आसपासच्या कातकरवाडीवर जन्मलेल्या मुलाचं नाव कुठल्याही हजेरीपटावर चढलं नाही, आणि त्याची बुद्धी केवढी होती हे कळायला आता काही मार्ग नाही.

याचा अर्थ न शिकलेले आई-बाप मुलाला काही देऊ शकत नाहीत असा घेऊ नये. कातकरी घरात मुलाला माशांची, पक्ष्यांची, कंदांची, पावसाच्या खुणांची नावं मिळतात. रात्री चुलीपुढे गोष्टी मिळतात, गाणी मिळतात. गोष्टीतलं आधी काय, नंतर काय हे समजणं, नवे शब्द कानावर पडणं, मोठ्यांना प्रश्न विचारायला मिळणं, ही वाचनाची अर्धी तयारीच असते. अडचण अशी की ही सगळी पुंजी कातकरी बोलीत आहे आणि शाळेचं पुस्तक प्रमाण मराठीत. कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षक पुष्कळदा घाटावरून आलेले. त्यांना वाडीची बोली नवी, मुलांना त्यांची मराठी नवी. पहिलीतलं मूल गप्प बसतं आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘येत नाही’ असा लावला जातो. जे गुरुजी पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुलांकडून पन्नासेक शब्द शिकून घेतात, ते शब्द वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवतात आणि वाडीवरच्या एखाद्या आजीला गोष्ट सांगायला बोलावतात, त्यांच्या वर्गातली मुलं लवकर बोलू लागतात. यासाठी सरकारी आदेश लागत नाही, शिक्षकाला मात्र मूल आधी शिकवतं हे मान्य करावं लागतं.

कडेवर भाऊ घेतलेल्या त्या मुलीचं उत्तर महाराष्ट्रात फार आधी शोधलं गेलं आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. बालवाडी बांधून मुलांची वाट पाहायची, ही रीत तिथे चालेना. मग त्यांनी पाड्यावरच्या अंगणातच मुलांना जमवलं. अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना तिथली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून गुरं चरतात त्या कुरणावरच कुरणशाळा भरवली. आणि मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळायला घरी अडकतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. या एकत्र रचनेला विकासवाडी म्हणत. बहीण भावाला घेऊन यायची, भाऊ पाळणाघरात, ती वर्गात. मला ही विकासवाडी आपल्या शिक्षणाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. मुलगी शाळेत का येत नाही, याचं कारण तिच्या कडेवरच दिसत होतं आणि दोन बायकांनी ते पाहिलं.

१९७५मध्ये देशभर एकात्मिक बाल विकास योजना आली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. पण अंगणवाडी आणि शाळा यांच्या वेळा जुळल्या नाहीत, दोन्ही वेगवेगळ्या खात्यांकडे राहिल्या, आणि लहानग्याला दिवसभर ठेवायची सोय वाडीवर क्वचितच झाली. आजही पेण-रोह्याच्या एखाद्या वाडीवर दोन्ही इमारती शेजारीशेजारी असतील, तर त्यांच्या वेळा जुळवणं हे ग्रामपंचायतीला एका बैठकीत करता येण्यासारखं काम आहे.

भट्टीवर शाळा नेण्याचाही अनुभव आपल्याकडे आहे. १९९०च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेनं वसई आणि आसपासच्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजूर राहायला उभारतात ती खोपी. शाळाही तशाच खोपीत भरायची. ऊसतोडीच्या भागात साखरशाळा झाल्या. पुढे हंगामी वसतिगृहं आली: आई-बाप तोडीला गेले तरी मूल गावातच आजी-आजोबांकडे राहतं, त्याला दोन वेळचं जेवण मिळतं, शाळा चुकत नाही. वाडीवर म्हातारी माणसं मागे राहतात तिथे मला हा मार्ग सगळ्यांत बरा वाटतो. पण अख्खं घरच निघून जातं तिथे तो लागू पडत नाही. निवासी आश्रमशाळा आहेत आणि त्यांतून शिकून पुढे गेलेली मुलं मी पाहिली आहेत. तरी सहा वर्षांचं मूल आईपासून दूर ठेवणं हे पहिलं उत्तर असू नये, असंच मी म्हणेन.

खरी अडचण पुष्कळदा अंतराची नसतेच. वाडी सोडून आलेलं मूल ज्या भट्टीवर राहतं तिथून किलोमीटरभरावर एक जिल्हा परिषद शाळा असते. घंटा ऐकू येते. पण मूल त्या शाळेच्या पटावर नाही, म्हणून ती शाळा त्याला मोजत नाही. आणि मूळ शाळेत ते फक्त गैरहजर. दोन पटांच्या मधल्या फटीत मूल सहा महिने हरवतं. कायदा इथे मुलाच्या बाजूनं स्पष्ट उभा आहे. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सांगतो की शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येणार नाही, आणि वयाप्रमाणे वर्गात घेतलेल्या मुलाला मागचं भरून काढण्यासाठी विशेष शिकवणं मिळालं पाहिजे. स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी पत्रकाचीही सोय आहे: मूळ शाळेनं ते भरून द्यायचं, नव्या शाळेनं त्यावरून बसवून घ्यायचं. कागद आहे. तो दिवाळीच्या आधी भरून आईच्या पिशवीत गेला पाहिजे, एवढंच.

मूल बसलं तरी पुढचा प्रश्न उरतो. पाचवीतल्या ज्या मुलाला शब्द वाचता येत नाहीत त्याच्यापुढे पाचवीचा धडा ठेवून काय साधणार? हा प्रश्न फक्त कातकरी मुलांचा नाही. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत २०२२ साली देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या जेमतेम २० टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२४मध्ये हे प्रमाण २७ टक्क्यांवर आलं. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेनं यावर एक साधा उपाय केला. मुंबई आणि वडोदऱ्यात वस्तीतल्याच, शिकलेल्या तरुण मुलींना थोडं प्रशिक्षण देऊन बालसखी म्हणून नेमलं. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास त्यांच्याकडे जात आणि जिथे अडली आहेत तिथूनच शिकत. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात याची काटेकोर तपासणी केली. मागे पडलेल्या मुलांनाच याचा सर्वांत जास्त फायदा झाल्याचं दिसलं. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९चं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात ही बालसखीही आहे.

पेण आणि रोह्याच्या प्रत्येक मोठ्या वाडीवर आता दहावी-बारावीपर्यंत गेलेली एखादी मुलगी सापडते. ती बोली जाणते, मुलांची घरं जाणते, कोण कुठल्या भट्टीवर गेलं ते तिला ठाऊक असतं. तिला महिन्याला ठरावीक मानधन देऊन जून ते दिवाळी रोज दोन तास बसवलं आणि हंगामात भट्ट्यांवर फिरवलं, तर माझ्या मते दुसरा कुठलाही खर्च इतका फळणार नाही. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे सामाजिक कामासाठी निधी असतो. त्यातून बहुतेकदा संगणक, प्रोजेक्टर, रंगवलेल्या भिंती येतात. संगणक आला तर चांगलंच आहे. पण आधी माणूस यावा.

गावाचाही यात मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल थोडं कडवट बोलावं लागेल. गेल्या काही वर्षांत ज्यांना परवडतं त्यांनी मुलं पेण, रोहा, नागोठण्याच्या खासगी शाळांत घातली. कुठल्याही आई-बापाला याचा दोष देता येत नाही. पण त्यामुळे जिल्हा परिषदेची शाळा फक्त गरिबांची झाली. गावातल्या वजनदार माणसाचं मूल त्या शाळेत होतं तेव्हा गळकं छप्पर दुसऱ्या पावसापर्यंत राहत नसे, शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर पंचायत समितीत आवाज उठत असे. आता तो आवाज उठवायचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे. कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना मुलांच्या प्रमाणात जागा हव्यात. कागदावर हे असतंच. बैठक मात्र सकाळी अकराला ठेवतात. त्या वेळी वाडीवरची बाई मजुरीवर असते. आली तर दिवस बुडतो. बैठक संध्याकाळी सातला, वाडीवरच्या समाजमंदिरात घेतली तर तीच बाई येते आणि बोलतेही. पहिला विषय ती बहुतेक वेळा दाखल्यांचा काढते: जातीचा दाखला नाही, आधारवर नाव चुकलंय, म्हणून शिष्यवृत्ती अडकली आहे. एका शनिवारी तलाठी, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक वाडीवर एकत्र बसले तर निम्मी प्रकरणं तिथेच मार्गी लागू शकतात.

भट्टीमालकालाही बाजूला ठेवता येणार नाही. तो पुष्कळदा याच तालुक्यातला, ओळखीचा, गणपतीला वर्गणी देणारा माणूस असतो. सकाळी दहा ते एक मुलांना कामाला लावू नये, भट्टीवर एक सावलीची खोपी मोकळी ठेवावी, जवळच्या शाळेच्या गुरुजींना मुलांची यादी द्यावी, एवढं त्याच्याकडे मागता येतं. सरपंचानं, मंडळाच्या पोरांनी चार माणसांत मागितलं तर नाही म्हणणं त्याला जड जातं.

आणि हे सगळं करायची वेळ दिवाळी नाही. दिवाळी झाली की घरं बंद होतात. दसऱ्याच्या आधीचा आठवडा धरावा. उचल घेतली गेलेली असते किंवा घेतली जाणार असते, पण बिऱ्हाड अजून हललेलं नसतं. संध्याकाळी माणसं कामावरून आली की गुरुजींनी किंवा बाईंनी वाडीवर जावं, ओट्यावर बसावं, दिलेला कोरा चहा घ्यावा आणि विचारावं, “औंदा कुठल्या भट्टीवर?” वहीत मुलाचं नाव, भट्टीचं गाव, मुकादमाचा फोन आणि तिथल्या शाळेचं नाव लिहावं. कुठली अक्षरं येतात, कुठली अडतात, तेही दोन ओळींत. त्याच रात्री त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करावा: “आमची सात मुलं तुमच्याकडे येतायत. दोघी बहिणी आहेत, धाकटा भाऊ बरोबर असेल, त्यालाही बसू द्या.”